निवासाचे सुख आणि प्रवासाचे प्रयोजन

प्रवासात सुखकर निवासाची निवड करणे ही केवळ खर्चाची बाब आहे की तिच्यात धर्मविचारालाही स्थान आहे, या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी खान्देशातील वाचकाला फार दूर जावे लागत नाही. जळगावपासून सुमारे 60 किलोमीटरवर, वाघूर नदीच्या कड्यात कोरलेल्या अजिंठ्याच्या 30 लेण्यांपैकी बहुतेक लेणी विहार, म्हणजे भिक्षूंची निवासस्थाने, आहेत. त्यांतील प्राचीन अशा बाराव्या लेण्यात मधल्या चौरस दालनाच्या तीन बाजूंना प्रत्येकी चार खोल्या असून प्रत्येक खोलीत निजण्यासाठी दोन दगडी ओटे कोरलेले आहेत, आणि हे लेणे घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचे दान असल्याचे तेथील शिलालेख सांगतो. गृहत्यागी भिक्षूंसाठी एका धनिकाने पक्का आसरा करून दिला आणि संघाने तो स्वीकारला, याचा अर्थ वैराग्य आणि निवारा यांत मुळात विरोध मानला गेला नव्हता.

बौद्ध विनयात, म्हणजे संघाच्या आचारनियमांत, शयनासन ही संज्ञा झोपण्याबसण्याच्या जागेसाठी योजली आहे. तिचा वापर करताना भिक्षूने असे चिंतन करावे अशी अपेक्षा असते की, ही जागा थंडी, ऊन, वारा, डास आणि सरपटणारे प्राणी यांपासून रक्षण व्हावे आणि एकांत लाभावा एवढ्यासाठीच आहे. हा नियम भिक्षूंचा, गृहस्थाला तो कशाला, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी अष्टशील पाळणारा गृहस्थही उंच आणि ऐसपैस शय्या वर्ज्य करतो. एरवी त्याला मऊ अंथरूण निषिद्ध नसते. मात्र त्यावाचूनही आपले चालते, याचा अनुभव त्याने अधूनमधून घ्यावा, अशी त्यामागची योजना दिसते.

चैत्रात धुळे-जळगावकडून वणीच्या सप्तशृंगी गडाकडे पायी निघणारे भाविक, किंवा मुक्ताईनगरहून आषाढीसाठी महिनाभराहून अधिक काळ पंढरीची वाट चालणारे वारकरी, वाटेतल्या गावांनी दिलेल्या जागेवर पाठ टेकतात. त्यांच्या कष्टांना मोल आहे, ते कष्ट मोठे आहेत म्हणून नव्हे. जायचे कोठे आणि कशासाठी, हे त्यांच्या मनात स्पष्ट असते म्हणून.

हीच कसोटी आल्प्समधील बर्फावर स्कीइंगसाठी जाणाऱ्या खान्देशी कुटुंबालाही लावता येते. उन्हाळ्यात 45 अंशांच्या आसपास पोहोचणाऱ्या उकाड्याची सवय असलेल्या शरीराला तेथे उबदार खोली, ओले कपडे आणि बूट वाळवण्याची सोय, गरम जेवण आणि बर्फाच्या उतारापर्यंत कमी चालणे यांची खरोखर गरज असते. वृद्ध आणि मुले बरोबर असतील, तर या सोयी टाळणे याला तप म्हणता येणार नाही, तो हलगर्जीपणा होय. आल्प्समधील आतिथ्याची परंपराही धर्मकार्याशी जोडलेली आहे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरील ग्रेट सेंट बर्नार्ड या 2,469 मीटर उंचीच्या खिंडीत अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा स्थापन केली. हिवाळ्यात तेथील रस्ता बर्फाने बंद होतो, तरी स्कीवरून येणाऱ्यांना ती आजही आसरा देते.

निवासाचे सुख, मग, कोठे दोषास्पद ठरते? जेथे खोलीची थोरवी मिरवणे हेच प्रवासाचे प्रयोजन होते, जेथे बर्फ, पर्वत आणि सोबतची माणसे यांच्याकडे लक्ष जाण्याऐवजी ते सोयींतील उणिवा शोधण्यात गुंतते, आणि जेथे अंथरूण घालणाऱ्या, बर्फ उपसणाऱ्या कामगाराच्या श्रमांची जाणीवही उरत नाही, तेथे ते दोषास्पद ठरते. खर्चाचा आकडा यात दुय्यम आहे. म्हणून हॉटेल निवडताना, ही सोय शरीराच्या कोणत्या गरजेसाठी आणि प्रवासाच्या कोणत्या हेतूसाठी हवी आहे, हे कुटुंबाने आधी ठरवावे, आणि ज्या सोयीबाबत याचे उत्तर मिळत नाही ती निःसंकोच सोडून द्यावी.