वापरलेलं काय, तेल की ड्रम?

चाकण एमआयडीसीतल्या एखाद्या शॉपच्या मागे ‘यूज्ड ऑइल ड्रम’ अशी चिठ्ठी लावलेला ड्रम उभा असेल, तर त्यात वापरलेलं काय, तेल की ड्रम? इंग्रजी इथे मौन पाळतं. मराठीत ही पंचाईतच नाही. ‘वापरलेल्या तेलाचा ड्रम’ वेगळा आणि ‘तेलाचा वापरलेला ड्रम’ वेगळा. विशेषण कोणाचं ते त्याचं रूपच सांगून टाकतं. हा वर्गातला शब्दांचा कीस नव्हे. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत वापरलेलं तेल ५.१ क्रमांकाखाली येतं आणि घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं ३३.१ खाली. चिठ्ठीचा अर्थ चुकला की रजिस्टरमधली नोंदही चुकते.

गाड्यांच्या या पट्ट्यात नामांच्या अशा माळा पावलोपावली. ‘रिअर डोअर आउटर हँडल माउंटिंग ब्रॅकेट’ घ्या. आयटीआय करून नुकताच लागलेला पोरगा ‘रिअर’पासून अर्थ लावायला जातो आणि मधेच अडकतो. विशेषण म्हणजे गुण सांगणारा शब्द, एवढंच त्याला इंग्रजीच्या तासाला सांगितलेलं. इथे तर डोअर, हँडल ही नामंच एकमेकांच्या डोक्यावर बसलेली. त्याच्या कामाची युक्ती खरं तर मराठीच्या तासाला शिकवून झालेली असते, फक्त मार्कांपुरती: समासाचा विग्रह. शेवटचं नाम पकडायचं आणि उलटं सरकत ‘चा-ची-चे’ बसवायचे. मागच्या दाराच्या बाहेरच्या हँडलच्या फिटिंगचा ब्रॅकेट.

सरकारी मराठीलाही या माळांचा सोस आहेच. ‘पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण’ हे १९७२ सालचं नाव, त्यात विभक्तीचा एक प्रत्यय सापडायचा नाही. लोकांनी नेमकं शेवटचं नाम उचललं. २०२१मध्ये ती संस्था पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) विलीन झाली, तरी निगडीचा माणूस अजून ‘प्राधिकरणात राहतो’ म्हणतो. मुख्य नाम ओळखायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पण ‘शेवटचं नाम पकडा’ हा नियम लगेच दगा देतो, कारण इंग्रजी नामाच्या मागेही शेपूट जोडतं. ‘चेक द बोल्ट्स ऑफ द गार्ड रिमूव्ह्ड ड्युरिंग क्लीनिंग’. ‘ऑफ’ दिसला की तिथे थांबायचं; मुख्य नाम त्याच्या आधीचं, म्हणजे बोल्ट. ठीक. पण सफाईच्या वेळी काढलं काय, गार्ड की नुसते बोल्ट? दोन्ही विग्रह बरोबर, आणि मशीन सुरू करणाऱ्याला एकच हवा. मराठी ‘काढलेल्या गार्डचे बोल्ट’ किंवा ‘गार्डचे काढलेले बोल्ट’ म्हणून मोकळी होते. बिहारहून आलेल्या हेल्परचं ‘का-के-की’ही हेच काम करतं. मग मशीनवरच्या इंग्रजी सूचनेखाली मराठी-हिंदीची एकेक ओळ का नसावी? ती मराठीप्रेमासाठी नको, बोल्टांसाठी हवी.