पाहुण्याचा धर्म

आपला दीन घेऊन परक्या मुलखात जाणारा तरुण तिथे नेमका कोण असतो? शिक्षक की पाहुणा? शिक्षक अधिकाराने बोलतो, पाहुणा यजमानाच्या मर्जीने राहतो. त्या तरुणाने स्वतःला काय मानले, यावर त्याचे सारे वागणे अवलंबून असते.

मावळापासून मराठवाड्यापर्यंत आपल्या मोहल्ल्यांना हा प्रश्न परका नाही. मौलाना मुहंमद इलियास यांनी १९२० च्या दशकात मेवातमध्ये तबलीगचे काम सुरू केले. तेव्हापासून कोणी तीन दिवस, कोणी चाळीस दिवसांचा चिल्ला, कोणी चार महिने जमातीत निघतो. काही जण परदेशीही जातात. त्यांचा रोख मुख्यतः मुसलमानांकडेच असतो, त्यांना नमाजकडे बोलावण्याकडे. खर्च स्वतःचा, बिस्तरा स्वतःचा, मुक्काम मशिदीत. सकाळी मशवरा, मग तालीम, अस्रनंतर गश्त. खिदमतीची पाळी आली की घरी स्वतःचे ताटही न उचलणारा मुलगा दहा जणांसाठी कांदा चिरतो. परदेशात तर त्याला भाषाही येत नाही. मग त्याच्याजवळ उरते काय? सलाम, चेहऱ्यावरचा भाव आणि आपण वापरलेला वजूखाना तो कसा ठेवून जातो ते. बोलता येत नाही म्हणून वागणेच त्याच्या वतीने बोलते.

इस्लामच्या इतिहासातला असा पहिला मोठा तरुण म्हणजे हजरत मुसअब बिन उमैर. मक्केतल्या सुखवस्तू घरातला हा मुलगा. इ. स. ६२२ च्या हिजरतीपूर्वी प्रेषित मुहंमद (स.) यांनी त्यांना यसरबला पाठवले. तिथे ते असअद बिन जुरारा यांच्या घरी उतरले. चरित्रग्रंथांत प्रसंग येतो, की उसैद बिन हुदैर हा तिथला सरदार भाला घेऊन त्यांना हुसकावून लावायला आला. मुसअब यांनी वाद घातला नाही. बसा, ऐका, पटले तर घ्या, न पटले तर आम्ही थांबतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. उसैद यांनी हे रास्त मानले आणि भाला जमिनीत रोवून ते बसले. पुढे त्यांनी इस्लाम स्वीकारला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच्या वाक्यात आहे. मुसअब यांनी थांबण्याची तयारी आधी दाखवली. समोरच्याच्या नकाराला जागा ठेवली. दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे कुरआनचे तत्त्व प्रत्यक्षात असे दिसते.

यजमानाचा धर्म पाहायचा तर लोणावळ्याहून फार दूर जायला नको. कार्ल्याच्या लेण्यांतले काही स्तंभ यवन दात्यांनी दिल्याचे तिथले लेखच सांगतात. तिथल्याच एका लेखात नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे. हे दान वळूरक लेण्यांत वर्षावासाला थांबणाऱ्या, चारही दिशांकडून आलेल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी आहे. मावळातला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या दानाचे मोल सांगावे लागणार नाही. भिक्षू धर्म सांगत फिरत, पण वर्षावासाचे तीन महिने गावाच्या अन्नावर राहत. सांगणारा ऐकणाऱ्याचा ऋणी होता.

हा ऋणाचा धागा तुटला की काय होते, तेही आपल्याच भाषेच्या इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स तिशीच्या सुमारास, १५७९ मध्ये, गोव्याला आले. ते इथली भाषा शिकले आणि त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. परभाषेवर इतके प्रेम करणारे धर्मोपदेशक थोडेच. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते, देवळे पाडली गेली होती, मागे पोर्तुगीज सत्ता उभी होती. स्टीफन्स यांच्या ओवीत गोडवा होता, तरी ऐकणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक कितीशी होती? ज्याच्या पाठीशी तलवार आहे, तो कितीही नम्र असला तरी पाहुणा राहत नाही. मुसलमान राजवटींच्या काळाकडेही याच कसोटीने पाहिले पाहिजे. कसोटी सर्वांना एकच हवी.

२०२० मध्ये आपण दुसरी बाजू अनुभवली. करोनाच्या पहिल्या महिन्यांत जमातीच्या माणसांवर देशभर बोटे रोखली गेली. अहमदनगर जिल्ह्यातल्या मशिदींत उतरलेल्या परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निरीक्षण नोंदवले. त्यांना हिंदी-उर्दू येत नव्हते, ते अरबी, फ्रेंच अशा भाषा बोलत, हेही न्यायालयाने लक्षात घेतले आणि अतिथीला देव मानणाऱ्या परंपरेची आठवण करून दिली. तो निकाल वाचून आपल्यापैकी अनेकांचे डोळे पाणावले. ते योग्यच होते.

पण आता प्रश्न आपल्या दारात येतो. उद्या दुसऱ्या धर्माचा एखादा परदेशी तरुण, मोडक्यातोडक्या मराठीत बोलत, हातात पुस्तिका घेऊन आपल्या मोहल्ल्यात आला तर? आपण त्याला पाणी विचारू, की पोरे गोळा करू? संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला, तो सर्वांना. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले, की या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे सांगण्याची मुभा आहे, मानायचे की नाही हे ऐकणाऱ्याच्या हाती आहे. आपल्या मुलांसाठी जी मोकळीक आपण परदेशात मागतो, ती दुसऱ्याच्या मुलाला इथे नाकारली, तर आपण न्याय मागत नसून सवलत मागतो आहोत. जो त्याला ऐकून, चहा पाजून, नम्रपणे नकार देऊ शकतो, त्याचा ईमान कच्चा नसतो. भीती वाटते ती ज्याला आपल्या मुळांची खात्री नसते त्याला.

आणखी एक गोष्ट घरची. प्रेषितांकडे युद्धाला जाण्याची परवानगी मागणाऱ्या माणसाला त्यांनी आईवडील हयात आहेत का, असे विचारून त्यांच्याच सेवेत राहायला सांगितले, अशी हदीस आहे. दूर जाण्याचे मोल घर सांभाळल्यावर ठरते. परमुलखात जो सौजन्याने वागतो, रांग मोडत नाही, आवाज चढवत नाही, त्याने तेच वागणे परतल्यावर बायकोशी, गिऱ्हाइकाशी, शेजारच्या मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्याशी ठेवले तर दावत पुरी झाली. परदेशात भाषा नव्हती म्हणून वागण्याने बोलावे लागले. इथे मराठी येते, सगळे शब्द हाताशी आहेत. म्हणूनच इथे ते अधिक कठीण आहे. शेजारी आपली भाषा समजतो, त्यामुळे आपण काय सांगतो आणि कसे वागतो यातले अंतर त्याला लगेच दिसते.

दुनियेत आपण मुसाफिर आहोत, असे आपण जनाजा उठताना म्हणतो. ते खरे मानले तर आपल्या गावातही आपण पाहुणेच ठरतो, आणि शेजारीही. मग कोणी कोणाला हुसकावायचे?