चार आण्यांची सेवा



काशीशी आपले मराठी माणसांचे नाते फार जुने आहे. आज आपण ज्या विश्वनाथ मंदिरात दर्शन घेतो ते पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी १७८० मध्ये बांधले. संत एकनाथ महाराजांनी पैठणला सुरू केलेले 'एकनाथी भागवत' १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केले. काशीहून आणलेल्या गंगाजलाचा छोटा गडू आजही आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात आहे.

पण आज काशीतली एक वेगळी गोष्ट आठवू या. तिच्यात देऊळ नाही, ग्रंथ नाही, मोठे दान नाही. फक्त चार आणे आहेत.

काशीत देह ठेवला की मुक्ती मिळते, या श्रद्धेने कितीतरी म्हातारी माणसे काशीवासाला येत. त्यांत विधवा स्त्रिया पुष्कळ असत. जवळचे पैसे संपले, आजारपण आले, की त्यांना विचारणारे कोणी उरत नसे. १३ जून १९०० या दिवशी अशीच एक आजारी, उपाशी म्हातारी रस्त्याच्या कडेला पडली होती. लोक जात-येत होते. त्यांत वाईट माणसे होती असे नाही. कोणाला स्नानाची घाई असेल, कोणाला दर्शनाची.

जामिनी रंजन मजुमदार हा तरुण मात्र थांबला. त्याने स्वामी विवेकानंदांची एक बंगाली कविता वाचली होती. सर्व जीवांत देव आहे आणि त्याला शोधायला दुसरीकडे जाण्याचे कारण नाही, हा तिचा आशय त्याच्या मनात घोळत होता. त्याच्या खिशात काही नव्हते. त्याने एका गृहस्थापुढे हात पसरला, चार आणे मिळवले आणि त्या आजींच्या पोटात अन्न जाईल अशी व्यवस्था केली.

पुढे चारुचंद्र दास, केदारनाथ मौलिक असे त्याचे मित्र या कामात आले. ही मुले भिक्षा मागत, रस्त्यावरच्या आजाऱ्यांना उचलून आणत, त्यांना औषध देत, त्यांचे अंग पुसत. त्यांनी संस्थेला नाव दिले होते 'पुअर मेन्स रिलीफ असोसिएशन', म्हणजे गरिबांना मदत करणारी मंडळी. १९०२ मध्ये स्वामीजी काशीला आले. काम पाहून त्यांना आनंद झाला, पण नाव त्यांना खटकले. दुसऱ्याचे दुःख दूर करणारे आपण कोण? आपल्याला फक्त सेवा करता येते, असे त्यांनी समजावले आणि 'होम ऑफ सर्व्हिस', म्हणजे सेवाश्रम, हे नाव सुचवले. त्याच वर्षी सेवाश्रम रामकृष्ण मिशनमध्ये सामील झाला. वाराणसीच्या लक्सा भागात तो आजही रुग्णांची सेवा करत आहे.

वाचकहो, या नावाच्या बदलापाशी थोडे थांबू या. 'मदत' म्हटले की देणारा वर आणि घेणारा खाली असतो. मदत करणारा मनात नोंद ठेवतो. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिला धडा हाच असतो, की प्रत्येक नावे नोंदीला तेवढीच जमा नोंद हवी. व्यवहारात हे बरोबर आहे. पण नातेसंबंधांत आपण हीच वही उघडून बसतो. 'मी त्यांच्या आजारपणात गेलो होतो, माझ्या वेळी ते आले का?' कितीतरी भावाभावांतला आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला अबोला या एका प्रश्नातून सुरू झालेला असतो. ज्याच्यात देव पाहिला त्याच्या नावावर उधारी लिहिता येत नाही. ही वही मिटली की मन शांत होते, आणि तीच शांती मग घरात आणि आळीत उतरते.

नाथमहाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. रामेश्वराला वाहण्यासाठी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर होती. शेकडो कोस चालून झाले होते. वाटेत एक गाढव तहानेने तडफडत होते. महाराजांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतले आणि माझी पूजा रामेश्वराला पोहोचली, असे सोबत्यांना सांगितले. दया दाखवताना त्यांना पूजा मोडल्यासारखे वाटलेच नाही. त्यांची पूजा तिथेच पूर्ण झाली.

आपली कावड कोणती? आपला वेळ, आपले ठरलेले कार्यक्रम, कधी कधी आपली साधनासुद्धा. ध्यानाला बसण्याच्या वेळी आतल्या खोलीतून आजी हाक मारतात. त्यांना काही नको असते, फक्त कोणीतरी जवळ बसावे असे वाटते. आपण म्हणतो, 'थांबा जरा.' काशीच्या रस्त्यावरून लोक त्या म्हातारीला ओलांडून दर्शनाला जात होते, हे ऐकून आपल्याला वाईट वाटते. पण आपल्या घरात आपण कोणाला ओलांडून देवघरात जातो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. अनोळखी माणसाशी गोड वागणे सोपे असते. ज्याच्या स्वभावाचा आपल्याला रोज त्रास होतो, त्याच्याशी मऊ बोलणे हीच खरी कसोटी.

कोणी विचारेल, 'चांगुलपणाचा लोक फायदा घेतात, त्याचे काय?' खरे आहे, घेतात. म्हणून सेवा डोळे उघडे ठेवून करावी. अन्यायाला 'नाही' म्हणणे हेही प्रेमाचेच काम आहे. पण एकाने फसवले म्हणून पुढच्या दहा जणांसाठी दार बंद केले, तर आपले नुकसान जास्त.

या आठवड्यासाठी एक छोटा संकल्प करू या:

१. रोज एका माणसाचे बोलणे मोबाईल बाजूला ठेवून पूर्ण ऐकायचे.

२. घरकाम करणाऱ्या मावशी, सोसायटीचे रखवालदार, कचरा नेणारे दादा यांना नावाने हाक मारायची आणि त्यांची विचारपूस करायची.

३. ज्याच्याशी अबोला आहे अशा एकाला आपण होऊन फोन करायचा. जुना हिशेब काढायचा नाही.

४. केलेले कोणाला सांगायचे नाही.

चौथा नियम सर्वांत अवघड आहे, करून पाहा!

जामिनीच्या खिशात चार आणेही नव्हते, ते त्याने मागून आणले. म्हणून 'माझ्याकडे काही असेल तेव्हा करीन' असे आपण म्हणू नये. हे परमेश्वरा, तू ज्या रूपात समोर येशील त्या रूपात तुला ओळखण्याची बुद्धी दे, आणि आमच्या पायांना तिथे थांबण्याचे बळ दे, हीच प्रार्थना.