सूर्य कोणाच्या सातबाऱ्यावर?

कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात पावगडा हा दुष्काळी तालुका आहे. तेथील पाच गावांच्या सुमारे १३,००० एकर जमिनीवर २,०५० मेगावॉट क्षमतेचा सौर प्रकल्प उभा आहे. शासनाने या जमिनी संपादित केल्या नाहीत, तर २८ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतल्या. एकरी वार्षिक २१,००० रुपये भाडे ठरले आणि ठराविक काळाने त्यात वाढही. जेथे पावसाअभावी भुईमूगही पदरात पडत नसे, तेथे ही रक्कम लहान नव्हे. जबरदस्तीने जमिनी गेल्याच्या कहाण्या ऐकण्याची सवय झालेल्या आपल्या कानांना हा व्यवहार सभ्यच वाटेल, आणि तो तसा आहेही.

परंतु भाडे मिळते ते ज्याच्या नावे उतारा आहे त्याला. त्याच शेतांवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनांचे काम गेले. शेळ्यामेंढ्या चारणाऱ्यांची कुरणे कुंपणाआड गेली. कोणी कोणाला लुबाडले नाही, कोणता कायदा मोडला नाही. मग हा अन्याय म्हणावा काय? ज्या अन्यायात अन्यायी दिसतच नाही, त्याचा जाब कोणाला विचारावा?

ऊर्जा-न्यायाचे अभ्यासक अलीकडे तीन प्रश्न मांडतात. लाभ व भार कोणाच्या वाट्याला आले? निर्णयाच्या वेळी कोण उपस्थित होते? आणि ज्यांचे अस्तित्व दप्तरात नोंदलेलेच नाही, त्यांना कोणी ओळखले काय? पहिल्या दोहोंची चर्चा पुष्कळ होते. तिसरा प्रश्न मात्र सर्वांत अवघड आहे, कारण ज्याला आपण पाहतच नाही त्याचा हक्क आपल्या हातून बुडाला, हे आपल्या ध्यानीही येत नाही.

पाणी, चारा आणि अग्नी यांत लोक परस्परांचे भागीदार आहेत, ही प्रेषितांची (स.) शिकवण वाचकांना परिचित आहे. तिचा अर्थ लावताना फुकहांनी मोठा विवेक दाखविला. कोणी आग पेटविली तर तिचा उजेड, तिची ऊब घेण्यापासून इतरांना रोखता येत नाही. निखारा मात्र ज्याचा त्याचाच. हा भेद सौरऊर्जेलाही लावून पाहावा. पॅनेल हा निखारा आहे; ज्याने पैसा घातला त्याचा नफा हलाल आहे. सूर्यप्रकाश मात्र कोणत्याही सातबाऱ्यावर चढत नाही. जमीनमालकाने तो निर्माण केला नाही, कंपनीनेही नाही. मग त्याच्या मोबदल्यातून भूमिहीनाला पूर्णपणे वगळण्यास कागदाखेरीज दुसरा कोणता आधार उरतो?

हजरत उमर (र.) यांच्या खिलाफतीत काही कुरणे ‘हिमा’ म्हणून राखीव होती. हेतू सार्वजनिक होता, आजच्या वीजनिर्मितीसारखाच. त्यांनी हुनैय नावाच्या आपल्या मुक्त केलेल्या गुलामाला तेथे नेमले आणि बजावले की पीडिताच्या शापाला भ्यावे, थोडकी जनावरे असलेल्यांना आत सोडावे, आणि इब्ने औफ व इब्ने अफ्फान यांच्या कळपांपासून मात्र सावध राहावे. हे दोघे थोर सहाबी होते. पण त्यांची गुरे मेली तर त्यांना खजुरीच्या बागा व शेती होती. गरिबाची गुरे मेली, तर तो मुलेबाळे घेऊन खलीफाच्या दारी येणार होता. त्याला सोनेचांदी देण्यापेक्षा पाणी आणि गवत देणे सोपे, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. शिवाय ही भूमी त्या लोकांचीच आहे, आपण त्यांच्यावर जुलूम केला असे त्यांना वाटते, हेही त्यांनी स्वतःच बोलून दाखविले. सार्वजनिक हितासाठी कुंपण घालणारा सत्ताधीश कुंपणाबाहेरच्या माणसाची तक्रार आपण होऊन उच्चारतो, असे क्वचितच घडते.

कोळसा जाळत राहावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. उष्म्याचा व दुष्काळाचा पहिला तडाखा त्याच मजुराला बसतो. म्हणून प्रकल्प हवेतच.

महाराष्ट्रातही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी व गायरान जमिनींवर पॅनेल उभी राहत आहेत. गायरानाला तर खासगी मालकच नसतो; तेथे चारणाऱ्याचे नाव कोणत्याही उताऱ्यावर सापडणार नाही. अशा जागेचा ठराव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा आपल्यापैकी जे सभासद असतील, त्यांनी एवढे विचारावे की या रानात आजवर कोणाची जनावरे चरत होती, आणि ती माणसे आज सभेला बोलाविली आहेत काय?