थंडी नावाची वस्तू

डिसेंबरातल्या पहाटे गोधडीतून काढलेला पाय शहाबादी फरशीवर टेकला की अंगावर काटा येतो. तोच पाय वीतभर सरकवून सतरंजीवर ठेवला की बरं वाटतं. फरशी आणि सतरंजी रात्रभर एकाच खोलीत होत्या. तापमापक लावला तर दोघींचा आकडा जवळजवळ सारखाच निघेल. मग पायाला कळलं ते काय? पाय तापमान मोजतच नाही. आपली उष्णता किती वेगाने चालली आहे, एवढंच त्याला समजतं. दगड ती भराभर ओढून घेतो. सतरंजीच्या धाग्यांत अडकलेली हवा सहजी जाऊ देत नाही.

भाषा मात्र पायाचंच ऐकते. आपल्याला थंडी ‘वाजते’, थंडी ‘पडते’, कधी ती हाडांत ‘शिरते’. खरं तर शिरत काहीच नाही. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, आणि हाडांतून जे निघून जातं त्यालाच आपण थंडी म्हणतो. गोधडीलाही आपण उगाच ऊब बहाल केली आहे. ती ऊब आपलीच. गोधडी तिला फक्त अडवून धरते. म्हणूनच भर उन्हाळ्यात बर्फवाला लादीवर भुसा टाकतो, वर गोणपाट गुंडाळतो. पांघरूण तेच, पण तिथे उष्णता बाहेरच अडते.

अशी चूक एकट्या भाषेची नाही. अठराव्या शतकातल्या मोठमोठ्या विद्वानांना उष्णता हा वजन नसलेला द्रव वाटे. त्याला ‘कॅलरिक’ म्हणत. काउंट रम्फर्ड म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोक पाडण्याचं काम बघत होता. त्याने मुद्दाम बोथट पातं लावलं, तोफेचा धातू पाण्यात बुडवला आणि घोडे जुंपले. सुमारे अडीच तासांनी ते पाणी, खाली विस्तव नसताना, उकळू लागलं. घोडे फिरतील तोवर उष्णता निघतच राहते, मग ती धातूत साठवलेली वस्तू कशी? ती गतीच असली पाहिजे, असं त्याने 1798 साली मांडलं. हा निष्कर्ष मला प्रयोगाहूनही धीट वाटतो; अणूरेणूंची धडपड तेव्हा कुणी पाहिली होती?

वहन, अभिसरण, प्रारण ही नावं शाळेत पाठ झालेली असतात. भाकरी तव्यावर भाजते ते वहन, चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी केली की प्रारण, आणि शेजारच्या आमटीत तळचं गरम पाणी वर येत राहतं ते अभिसरण. माठ मात्र याहून वेगळी युक्ती करतो. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी लागतात. मग त्याची वाफ करायला आणखी 540. न उकळता, नुसतं वाळतानाही पाण्याला जवळपास एवढीच किंमत मोजावी लागते. अंगातून पाझरलेलं पाणी ती माठातल्या पाण्याकडून वसूल करतं. हवा दमट असली की पाझर वाळत नाही. म्हणून मे महिन्यात नागपूरचा माठ दात शिवशिवतील असं पाणी देतो आणि मुंबईचा नुसताच बरा.

माठ घ्यायला जाल तेव्हा बाहेरून ऑइलपेंटने रंगवलेला, चकचकीत घेऊ नका. त्याची छिद्रं बुजलेली असतात.