टोकाच्या गावाचा नळ

खारपाणपट्ट्यात पाणीयोजना एकत्र करण्याचा विचार काटकसरीपोटी आला नाही, जमिनीच्या गुणामुळे आला. पूर्णेच्या खोऱ्यात भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूरकडे विहिरीला पाणी लागतं, पण खारं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. इथल्या अनेक हापशा तीही मर्यादा ओलांडतात. ज्या गावाच्या पोटात गोडं पाणीच नाही, त्याने स्वतःची योजना कशाच्या बळावर करावी?

म्हणून पट्ट्याबाहेरच्या धरणांकडे धाव घ्यावी लागली. शहानूरवर १५६ गावं, काटेपूर्णेवर खांबोरा योजनेची ६४, वानवर ८४ खेडी. वऱ्हाडात या योजना आकड्यांनीच ओळखल्या जातात. १९७६च्या कायद्याने उभं राहिलेलं राज्याचं मंडळ, म्हणजे आजचं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, एकत्रित नियोजनाच्या काळातलं. इंग्लंड-वेल्सनेही १९७४ साली शेकडो पाणीसंस्था दहा प्रादेशिक प्राधिकरणांत विलीन केल्या होत्या.

पण एका जलवाहिनीवर गावं वाढली की जोखीमही सामाईक होते. मुख्य वाहिनी फुटली, वीज तोडली, की सगळेच कोरडे. वाटेवरच्या गावाने जास्त ओढलं, तर टोकाच्या गावात दाब उरत नाही. तिथला माणूस मग पाणीपट्टी का भरेल? तो भरत नाही, दुरुस्ती थांबते आणि दाब आणखी घटतो.

यावर उतारा म्हणून काटा उलट फिरला. ७३व्या घटनादुरुस्तीने पिण्याचं पाणी पंचायतींच्या विषयांत आलं; २००३च्या सुमारास जलस्वराज्य प्रकल्पाने योजनेची मागणी आणि देखभाल गावाच्या समितीकडे दिली. जिथे गोडा झरा होता तिथे हे शोभलं. खारपाणपट्ट्यात समिती कितीही जागरूक असो, खालून खारंच पाणी येणार.

एकत्र येण्यातही गाठ कुठे बसते, ते बाळापूरने दाखवलं. वानचं पाणी तिथल्या ६९ गावांना द्यायचं ठरलं, तेव्हा आपल्या सिंचनाचा वाटा घटेल म्हणून तेल्हारा-अकोटकडून विरोध झाला आणि योजनेला स्थगिती मिळाली. त्या स्थगितीविरुद्ध एप्रिल २०२३मध्ये खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पदयात्रा निघाली. दोन्ही बाजूंची भीती खरी होती. पाणी एकत्र करताना वाटा आधी लिहून ठेवला नाही, तर शेजारीच वैरी होतात.

भातकुलीजवळच्या अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी महापालिका नव्हे, जीवन प्राधिकरण पुरवतं. तेव्हा शहर आणि खेडी एकाच छत्राखाली आणणं प्रशासनाला अवघड नाही. शहराचे ग्राहक जास्त, त्यामुळे अभियंते, प्रयोगशाळा, सुटे भाग परवडतात. पण मलवाहिन्या असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटरचं माप, तर जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी ५५ लिटरचं. टंचाईच्या उन्हाळ्यात कपात कुणाची आधी होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून विलीनीकरण अर्धंच करावं. उद्भव, शुद्धीकरण, मुख्य वाहिनी एका संस्थेकडे द्यावी. गावातलं वितरण, वसुली आणि वॉलमन गावाकडे ठेवावा. दोघांमध्ये वेशीवर एक मीटर असावा. जेवढं आलं तेवढ्याचंच देयक, आणि ठरलेलं आलं नाही तर संस्थेला दंड. टंचाईतली कपात कोणत्या प्रमाणात, हेही करारातच लिहावं, आणि त्यावर टोकाच्या गावाचीही सही असावी. ती सही मिळत नसेल, तर करार अजून पक्का झालेला नाही.