एवढंसं

रात्री दूध कोमट झालं की मी बोट बुडवून बघते, अर्धा चमचा विरजण त्यात सोडते आणि झाकण ठेवते. सकाळी लिटरभर दुधाचं दही झालेलं असतं. यात नवल वाटावं असं माझ्या आईला, सासूबाईंना किंवा शेजारच्या काकूंना काहीच दिसत नाही. पण माझ्या मुलीच्या ताटात कुणी पोळीचा घास ठेवू लागलं आणि मी हात आडवा घातला, की याच सगळ्याजणी म्हणतात, "अगं, एवढ्याशाने काय होतंय?"

मुलीला सीलिअ‍ॅक आहे. ही खरं तर अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. धाकट्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, ती मात्र खरीखुरी; काही मिनिटांत ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. त्याचं दुखणं आरडाओरडा करत येतं, तिचं महिनोन्‌महिने गुपचूप चालतं. आणि मराठी स्वयंपाकघर असं, की गहू टाळावा तर दाण्याचं कूट आडवं येतं. एकादशीला वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा सगळं तिला चालतं, आणि त्याच ताटापासून त्याला लांब बसवावं लागतं.

अन्नाला नावं ठेवू नयेत असं शिकून आपण मोठे होतो. मग अन्नच एखाद्याला बाधतं हे गळी उतरायला वेळ लागतो, आणि तो डॉक्टरांनाही लागला. नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि या आजाराची मुलं चक्क सुधारू लागली. पुन्हा पाव मिळू लागला तशी पुन्हा खंगली. 1950 साली त्याने यावर प्रबंध लिहिला. भुकेल्या देशाला पाव मिळाला तेव्हा काय आनंद झाला असेल! त्या आनंदात या मुलांच्या ताटाकडे बघणारा कुणीतरी होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्याकडे निदान झालं त्याच आठवड्यात रवा, मैदा, शेवया घराबाहेर गेल्या. तरी सहा महिन्यांनी रक्ततपासणीतले आकडे म्हणावे तसे उतरेनात. डॉक्टर विचारायचे, "बाहेरचं काही खाते का?" नाही खात. मग एका दुपारी हिंगाची डबी भरताना सहज पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की बाजारात तो बहुधा पीठ आणि डिंक मिसळून विकतात, हे मला चाळिशीत कळलं. रोज दोन्ही वेळच्या फोडणीत चिमूट पडत होती, तीही माझ्याच हातून. दोष एकट्या हिंगाचा होता असं मी शपथेवर सांगणार नाही. तांदळाच्या पिठातला हिंग आणला आणि पुढच्या खेपेला आकडे उतरले, इतकंच.

त्यानंतर मी हिशेब करायला लागले. आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असता कामा नये. गव्हाचा एक दाणा ढोबळमानाने 40 मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन चारेक मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे, की झाली मर्यादा. सूप घेऊन बसलं तर हे पाच दाणे डोळ्यांनी वेचता येतील. गिरणीत गव्हावर दळलेल्या ज्वारीतून काय वेचणार? गिरणीवाले दादा भले माणूस. म्हणाले, "वहिनी, आधी दोन किलो तांदूळ टाकतो, जातं साफ होतं." त्यांच्या मनाने साफ होतं. मी कर्ज काढावं तशी मनाची तयारी करून घरघंटी घेतली.

या सगळ्यात मला खरी साथ मिळाली ती सासूबाईंची. ‘एवढ्याशाने’ म्हणणाऱ्यांत आधी त्याही होत्या. हिंगाच्या प्रकरणानंतर मात्र एका दिवसात पालटल्या. वेगळा पोळपाट, वेगळी चाळण, वेगळा कालथा, हात धुतल्याशिवाय डब्याला शिवायचं नाही; त्यांना समजवावं लागलं नाही, कारण त्या सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. सोवळ्याने आपल्याकडे किती माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवलं हे मी विसरू शकत नाही आणि त्या शब्दाबद्दल मला तिळमात्र प्रेम नाही. पण तीच शिस्त आमच्या घरात एका मुलीला पंगतीत बसवायला उपयोगी पडली. सासूबाई स्वतः यावर काही बोलत नाहीत. चाळणीवर लाल दोरा बांधून ठेवतात.

एका बाबतीत मात्र आमचं अजून जुंपतं. त्यांची पक्की समजूत, की आंबवलं म्हणजे सगळं पचतं. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो, आंबतो, चोथा आपण टाकतो, उरतो तो नुसता चीक. मग पोरीला कुरडई का नाही? युक्तिवाद सुरेख आहे आणि निम्मा बरोबरही आहे. आंबवताना जिवाणू थोडीफार प्रथिनं तोडतात, चोथ्याबरोबर बरंचसं ग्लूटेन जातं. पण ‘बरंचसं’ म्हणजे सगळं नव्हे, आणि आमचा सगळा प्रश्न त्या उरलेल्याचाच आहे. घरच्या खमिरावर चोवीस तास फुगवलेल्या गव्हाच्या पावालाही हेच लागू.

पावाचं वेड मुलीचं. वडापाव हवा, आणि तो पावातच हवा. गव्हाच्या कणकेत ग्लूटेनचं जाळं तयार होतं आणि खमिराने सोडलेला वायू त्यात अडकतो. ज्वारीला असं जाळं नाही. माझा पहिला पाव अडकित्त्याने फोडावा असा झाला होता. पिठाची विरी गेली की भाकरीला आधणाचं पाणी घालतात, ते आठवलं. मग थोड्या पिठाची उकड काढून मिसळू लागले. पुढची मदत परदेशी पुस्तकांतून मिळाली. त्यांत ‘सिलियम हस्क’ नावाचा एक भारदस्त जिन्नस होता. शोधाशोध केली तर तो निघाला इसबगोल, गुजरात-राजस्थानात पिकणारा आणि आमच्या घरी सासऱ्यांच्या उशाशी डब्यात असलेला! तीनशे ग्रॅम पिठाला पंधरा-वीस ग्रॅम इसबगोल, आणि पाणी जवळपास पिठाइतकंच. मळायचं काही नाही, कालवायचं. ओव्हनमधून काढल्यावर दोन तास हात लावायचा नाही, नाहीतर आत चिकट लागतो. दुसऱ्या दिवशी तव्यावर शेकल्याशिवाय घशाखाली उतरत नाही.

आंबोळीला यातलं काही लागत नाही. तिथे जाळ्याचं काम उडदाचा बुळबुळीतपणा करतो आणि ल्यूकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू रात्रभरात पीठ फुगवून ठेवतात, फुकट. गोव्यात पूर्वी पीठ फुगवायला माडाची एकच सूर पाववाल्या पोदेराकडे गव्हाच्या पोईत जायची आणि घरी तांदळाच्या सान्नांत. मी मुलीला हे सगळं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "आई, आंबोळी छान आहे, पण ती पाव नाही." बरोबर आहे तिचं.

धाकट्याच्या बाबतीत मला एक हळहळ आहे. थोरलीचं पाहून धास्तावलेली मी त्याला दीड वर्षाचा होईपर्यंत दाण्यांच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही. पुढे वाचनात आलं, की लंडनमध्ये गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेली सहाशेवर तान्ही मुलं पाहिली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना मुळीच नाही. 2015 मध्ये निष्कर्ष आले: पाच वर्षांची झाल्यावर, न दिलेल्यांत अ‍ॅलर्जी 17 टक्क्यांच्या आसपास, दिलेल्यांत 3 टक्क्यांच्या. वेळेवर दिलेलं एवढंसं कामी आलं, चांगल्या बाजूने. माझ्या मुलाचं त्याने टळलं असतंच असं नाही, आणि एकदा अ‍ॅलर्जी झालेल्या मुलावर हा प्रयोग घरी करायचा नसतो. तरी विरजण लावताना कधीकधी मनात येतंच.

तुमच्या घरी कधी असं लेकरू पाहुणं आलं आणि त्याची आई दारातच "यात काय काय घातलंय?" विचारू लागली, तर रागावू नका. आग्रह नको, चिमटीतलाही नको. हिंगाचं पाकीट शोधून तिच्या हातात द्या, आणि डबीत ओतून ते फेकून दिलं असेल तर सरळ तसं सांगा.